परसात दुसरं घर बांधण्याआधी: इंग्लंडमधल्या ‘प्री-ॲप’ सल्ल्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची प्लेट हातात आली की कुणीतरी हळूच बाजूला घेतं. “आमचं मागचं परस चांगलं लांबलचक आहे. तिथे एक छोटं घर बसेल का हो? आई-बाबा येऊन राहतील, नाहीतर भाड्याने देऊ.” घरांचे नकाशे आणि परवानगीचे अर्ज तयार करणं हेच माझं इथलं काम, त्यामुळे हा प्रश्न मला दर वर्षी ठरलेला. उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून सगळे प्रश्न एकदाचे इथे लिहून ठेवतोय. हे सारं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

परस माझं, रजिस्ट्रीत नाव माझं. मग काउन्सिलला विचारायचं कशाला?

जमीन तुमची आहे, तिच्यावर बांधायचा हक्क मात्र तुमचा नाही. १९४७ च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याने तो हक्क जमीनमालकाकडून काढून घेतला. तेव्हापासून कुठलंही नवं घर म्हणजे काउन्सिलची (इथल्या नगरपालिकेची) परवानगी, असा हिशेब आहे. गावाकडे सातबारा आपल्या नावावर असला तरी बिनशेती केल्याशिवाय बंगला उठत नाही, तसंच काहीसं.

गंमत म्हणजे उलटंही खरं आहे. जमीन दुसऱ्याची असली तरी तुम्ही तिच्यावर परवानगीचा अर्ज करू शकता. मालकाला रीतसर नोटीस द्यावी लागते, एवढंच. परवानगी माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळते. घर विकलं की तीही नव्या मालकाकडे जाते.

प्री-ॲप म्हणजे नेमकं काय?

‘प्री-ॲप्लिकेशन ॲडव्हाइस’चं बोलीतलं नाव. खरा अर्ज करण्याआधी तुम्ही कच्चा आराखडा आणि ठरलेली फी भरून काउन्सिलच्या प्लॅनिंग ऑफिसरला विचारता की असं काही केलं तर तुमचं मत काय पडेल. ऑफिसर कागद बघतो, जमलं तर जागा बघतो आणि लेखी उत्तर पाठवतो. काही ठिकाणी भेट किंवा व्हिडिओ कॉलही मिळतो.

ही पायरी सक्तीची नाही. ती न करता थेट अर्ज करणारे पुष्कळ आहेत. घराच्या मागे चार मीटरचं एक्स्टेंशन काढायचं असेल तर मीही बहुतेकांना प्री-ॲपच्या भानगडीत पडू नका म्हणतो. तिथले नियम स्पष्ट आहेत. परसातल्या नव्या घराचं तसं नाही. तिथे सगळा खेळ ऑफिसरच्या मताचा असतो, आणि ते मत दोन-चारशे पौंडांत आधी कळत असेल तर मला तो सौदा स्वस्त वाटतो.

थेट अर्ज केला तर बिघडलं कुठे? फार तर नाही म्हणतील.

एका घराच्या पूर्ण अर्जाची सरकारी फी एप्रिल २०२५ मध्ये ५८८ पौंड होती, आणि दर एप्रिलमध्ये ती महागाईप्रमाणे वाढते. पण फी हा छोटा आकडा. खरा खर्च अर्जासोबत लागणाऱ्या कागदांचा: मोजणी, पूर्ण नकाशे, झाडांचा अहवाल, कधी वटवाघळांचा, कधी सांडपाण्याचा. ही बेरीज सहज काही हजारांत जाते. आणि एवढं करून “मुळात या जागी घरच नको” असं उत्तर आलं तर सगळे अहवाल रद्दीत.

पूर्वी नकार मिळाला की वर्षभरात त्याच जागेचा तसाच अर्ज एकदा फुकट करता यायचा. ती सवलत डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली. शिवाय नकार काउन्सिलच्या वेबसाइटवर कायमचा राहतो. उद्या परस विकायला काढलं तर घेणारा पहिल्यांदा तोच उघडून वाचतो.

किती पैसे आणि किती वेळ?

प्रत्येक काउन्सिलचा दर निराळा. लहान गावात एका घरासाठी शंभर-दोनशे पौंडांत लेखी उत्तर मिळतं, तर लंडनच्या काही बरोंमध्ये (शहराच्या विभागांमध्ये) भेटीसह रक्कम हजाराच्या पुढे जाते. दरपत्रक त्यांच्या वेबसाइटवर असतं. त्यात व्हॅट धरलाय की वरून लागणार, तेवढं बघा. हायवेच्या (म्हणजे रस्ते पाहणाऱ्या) किंवा झाडांच्या अधिकाऱ्याचं मत हवं असेल तर काही ठिकाणी वेगळे पैसे मोजावे लागतात.

वेळेचं म्हणाल तर कागदावर चार ते आठ आठवडे. प्रत्यक्षात त्याहून जास्तही लागतात. खऱ्या अर्जाला कायद्याने आठ आठवड्यांची मुदत आहे, प्री-ॲपला तशी नाही. त्यामुळे कामाचा ढीग वाढला की आधी प्री-ॲपच मागे पडतं. चिडून उपयोग नाही. दोन आठवड्यांनी एक सभ्य ईमेल टाकावा.

सोबत काय काय द्यावं लागतं?

किमान दोन नकाशे. एक १:१२५० प्रमाणातला ऑर्डनन्स सर्व्हेवर (इथल्या सरकारी नकाशांवर) आधारलेला, तुमच्या जागेला लाल रेघ मारलेला. हा ऑनलाइन विकत मिळतो. दुसरा १:५०० किंवा १:२०० प्रमाणातला, नवं घर कुठे बसणार, गाडी कुठून येणार, झाडं कुठे आहेत हे दाखवणारा. रस्त्यापासून परसापर्यंतची वाट लाल रेघेत घ्यायला विसरू नका. हे इतके जण विसरतात की मी आता तेच आधी तपासतो.

मग फोटो. फक्त परसाचे नकोत. परसात उभं राहून शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे बघत काढलेले, आणि रस्त्यावरून आपल्या घराकडे बघत काढलेले. ऑफिसरला जागेवर यायला मिळालं नाही तर हेच त्याचे डोळे.

घराचे सुबक दर्शनी नकाशे या पायरीवर नकोत. पोर्चला खांब कसे असावेत हे ठरवण्यात पैसे घालवून मग प्री-ॲपला आलेले लोक मी पाहिलेत. आधी कळस मग पाया. इथे एक चौकोन, त्याची लांबी-रुंदी आणि उंची एवढं पुरतं.

नेमकं विचारायचं काय?

सगळं यावर अवलंबून आहे. माझ्या पहिल्या प्री-ॲपमध्ये मी एका ओळीत विचारलं होतं, “या जागी एक घर चालेल का?” उत्तरात दोन पानं भरून धोरणांचे क्रमांक आले आणि शेवटी “या धोरणांशी सुसंगत प्रस्ताव असल्यास विचार केला जाईल.” पैसे भरून मी काउन्सिलच्याच पुस्तकाची अनुक्रमणिका विकत घेतली होती.

तेव्हापासून प्रश्न तोडून विचारतो. पहिला नेहमी तत्त्वाचा: बाकी सगळं जमलं तरी या परसात स्वतंत्र घर असणं तुम्हाला मान्य आहे का? नसेल तर कुठल्या धोरणामुळे? मग आकाराचा: एकमजली असावं की दुमजली चालेल? मग वाटेचा: घराच्या कडेने जाणारा रस्ता इतका रुंद आहे, तो पुरेल का? आणि शेवटी: खरा अर्ज करताना कुठकुठले अहवाल लागतील? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हातात असलं की अर्ज भरल्यावर “अमुक अहवाल नाही म्हणून अर्ज ग्राह्य नाही” अशी चिठ्ठी आली तरी तिला उत्तर देता येतं.

दोन पर्याय एकत्र पाठवले तर उत्तम. एक मोठा, एक लहान. ऑफिसर स्वतःहून क्वचितच म्हणतो की “एवढं चालेल,” पण दोन चित्रं समोर असली की “दुसरं बरं” असं लिहितो, आणि ते वाक्य सोन्याचं असतं.

ऑफिसर कशावरून ठरवतो?

आपण परसाकडे प्लॉट म्हणून बघतो: इतके मीटर लांब, इतके रुंद, घर मावतं. ऑफिसर बघतो तो अख्खा रस्ता. वीस घरं एका ओळीत, पुढे लहान अंगण, मागे लांब परस. त्या ओळीच्या मागे एकट्याचंच घर उठलं तर ते रस्त्याच्या घडणीत बसतं का? अशा मागच्या घराला इथे ‘बॅकलँड’ म्हणतात. नकारपत्रात हा शब्द आला की त्याच्या आगेमागे ‘क्रॅम्प्ड’, म्हणजे कोंबलेलं, आणि ‘आउट ऑफ कॅरेक्टर’ हेही भेटतात. कोपऱ्यावरचं घर असेल आणि परसाची बाजू दुसऱ्या रस्त्याला लागत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नव्या घराला स्वतःचा दर्शनी भाग मिळतो. माझ्या अनुभवात परसातल्या ज्या घरांना परवानगी मिळाली, त्यांत कोपऱ्यावरची सर्वांत जास्त.

दुसरी गोष्ट नजरेची. मागच्या खिडकीसमोर मागची खिडकी येत असेल तर मध्ये २१ मीटर अंतर हवं, असा संकेत बऱ्याच काउन्सिल पाळतात. काहींचा आकडा कमी-जास्त असतो. एकमजली घर आणि बऱ्यापैकी उंच कुंपण असेल तर हा मुद्दा सौम्य होतो. तुमच्या मूळ घराला किती बाग उरते, हेही मोजतात. नव्या घराला जागा देताना जुन्याचं परस चिंचोळं झालं तर दोन्हीकडून नापास.

आतली जागाही बघतात. २०१५ च्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे एक बेडरूम आणि दोन माणसांच्या एकमजली घराला किमान ५० चौरस मीटर लागतात, दोन बेडरूम आणि तिघांना ६१. ज्या काउन्सिलने हे मानक आपल्या लोकल प्लॅनमध्ये (विकास आराखड्यात) घेतलंय तिथे याहून लहान घर सुचवूच नका.

आणि वाट. बहुतेक स्वप्नं इथेच अडकतात. घर आणि शेजाऱ्याचं कुंपण यांच्यामधून दोन-अडीच मीटरची बोळ जाते आणि मालक म्हणतो, “माझी कार जाते ना!” कार जाते. पण अग्निशमन दलाचा बंब घराच्या प्रत्येक कोपऱ्यापासून ४५ मीटरांच्या आत पोचला पाहिजे, आणि त्याला साधारण ३.७ मीटर रुंद रस्ता लागतो. कचऱ्याचे डबे किती अंतर ओढत न्यायचे, त्याचंही मोजमाप आहे. गाडी बाहेर काढताना दोन्ही बाजूंचं दिसायला हवं: ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर साधारण ४३ मीटर, २० मैलांच्या रस्त्यावर २५. ही नजरेची रेघ शेजाऱ्याच्या हेजमधून (झुडपांच्या कुंपणातून) जात असेल तर ती हेज छाटायचा हक्क तुम्हाला नाही, आणि हायवेवाल्याला ते लगेच दिसतं.

बागेची जमीन ‘ब्राउनफील्ड’ असते ना? सरकार तर तिथेच बांधा म्हणतंय.

ब्राउनफील्ड म्हणजे आधी बांधकाम झालेली जमीन. बाग एके काळी त्यात होती. २०१० च्या जूनमध्ये ‘गार्डन ग्रॅबिंग’विरुद्ध, म्हणजे बागा गिळून घरं बांधण्याविरुद्ध, ओरड झाल्यावर सरकारने वस्तीतल्या बागा त्या व्याख्येतून वगळल्या. आजही राष्ट्रीय धोरणात तसंच आहे, आणि बागांमध्ये घरं नकोत अशी धोरणं करायची मुभा काउन्सिलना आहे. बंदी मात्र नाही. मजेशीर अपवाद असा की वगळणूक ‘बिल्ट-अप’ भागातल्या बागांपुरती आहे. गावाबाहेर एकट्या घराची बाग ब्राउनफील्ड ठरू शकते, असा निकाल डार्टफर्डच्या खटल्यात लागला. पण त्यावर उड्या मारू नका. गावाबाहेर घर बांधायला विरोध करणारी इतर धोरणं डझनभर असतात.

कोपऱ्यावरच्या घराला मिळाली. मग मला का नाही?

मिळाली असेल तर तो निकाल शोधा. काउन्सिलच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की जुने अर्ज निघतात. परवानगीचं पत्र वाचून उपयोग नाही, ‘ऑफिसर्स रिपोर्ट’ वाचा. त्यात का दिली ते लिहिलेलं असतं. नकारांचे रिपोर्ट त्याहून मोलाचे. तुमच्याच रस्त्यावर आधी कोणी नापास झालं असेल तर तुमच्या प्री-ॲपचं अर्धं उत्तर फुकटात वाचायला मिळतं. प्री-ॲपच्या पत्रात अशा दोन-तीन अर्जांचे क्रमांक टाका आणि आपली जागा कशी सारखी किंवा वेगळी आहे, ते लिहा.

काउन्सिलकडे पुढच्या पाच वर्षांच्या घरांची तजवीज आहे का, हेही बघा. नसेल तर पारडं थोडं तुमच्या बाजूला झुकतं. पण एका घराने ती तूट भरत नाही, हे ऑफिसरलाही ठाऊक असतं.

आम्हाला पूर्ण घर नको. आई-बाबांसाठी एक खोली, स्वयंपाकघर, बाथरूम. त्यालाही हेच सगळं?

हा प्रश्न मराठी घरांतून सर्वांत जास्त येतो. नीट वाचा, कारण परसातल्या तयार खोल्या विकणारे इथेच गोंधळ घालतात.

‘गार्डन रूम’, म्हणजे परसातली सुटी खोली, विनापरवानगी बांधता येते हे खरं. कुंपणापासून दोन मीटरांच्या आत असेल तर उंची २.५ मीटरपर्यंत, आणि सगळी जोडबांधकामं मिळून मूळ घराभोवतीची निम्म्याहून जास्त जागा व्यापता कामा नये. पण ती सवलत घराला पूरक वापरासाठी आहे: ऑफिस, व्यायाम, देवघर, तबल्याचा रियाज. कोणी तिथे कायम झोपणार-राहणार असेल तर ती सवलत लागू होत नाही. जाहिरातीत पलंग दाखवलाय म्हणून कायदा बदलत नाही.

मग उरतात तीन वाटा. पहिली, ‘ॲनेक्स’ची, म्हणजे मुख्य घराच्या जोडघराची, परवानगी. त्यात अट पडते की हे मुख्य घराशी जोडूनच वापरायचं, वेगळं विकायचं वा भाड्याने द्यायचं नाही. ऑफिसरला पटवायचं असेल तर जेवण एकत्र, वाट एक, वीज-पाण्याचा मीटर एक, असं दाखवा. स्वतंत्र गेट आणि स्वतंत्र पार्किंग काढलंत की तो म्हणणार, हे तर नवं घर. दुसरी वाट, कॅरॅव्हॅनच्या व्याख्येत बसणारं फिरतं घर: जास्तीत जास्त २० मीटर लांब, ६.८ मीटर रुंद, आतली उंची ३.०५ मीटर. मूळ घराला पूरक म्हणून ते परसात ठेवणं हे ‘बांधकाम’ नसतं. पण हे तोंडी आश्वासनावर करू नका. आधी काउन्सिलकडून कायदेशीरपणाचं प्रमाणपत्र घ्या. तिसरी वाट, मूळ घरालाच जोडून खोली वाढवणं. कंटाळवाणी आहे, पण दहातल्या सहांना मी तीच सुचवतो.

व्हॅटचंही बघा. स्वतंत्र नव्या घराच्या बांधकामावर व्हॅट शून्य टक्के. वेगळं विकता येणार नाही अशी अट पडलेल्या ॲनेक्सला ती सवलत नाही. २० टक्के म्हणजे स्वयंपाकघराची किंमत.

आणि एक कडू गोष्ट. परसात घर बांधलं म्हणून आई-बाबांना व्हिसा मिळत नाही. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने, आणि कायमचं आणण्याचे नियम २०१२ पासून फार आवळलेत. बांधून झाल्यावर हे कळलेलं एक घर मला माहीत आहे. तिथे आता मुलाच्या सायकली आणि ट्रेडमिल आहे.

झाडं आधीच काढून टाकली तर अर्ज सोपा होईल ना?

नाही. झाडावर संरक्षणाचा आदेश असेल तर तोडणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि दंडाला कमाल मर्यादा नाही. कॉन्झर्व्हेशन एरियात (जपणुकीसाठी राखलेल्या जुन्या वस्तीत) असाल तर ७५ मिलिमीटरपेक्षा जाड खोडाला हात लावण्याआधी सहा आठवड्यांची नोटीस. यातलं काही लागू नसलं तरी ऑफिसरकडे जुनी हवाई छायाचित्रं असतात, आणि ओकचं ताजं खुंट बघून कुणाचंही मन प्रसन्न होत नाही.

अंदाज घ्यायचा असेल तर जमिनीपासून दीड मीटरवर खोडाचा व्यास मोजा आणि १२ ने गुणा. खोड ५० सेंटिमीटरचं असेल तर सहा मीटर त्रिज्येत मुळं आहेत असं धरतात आणि तिथे पाया नको म्हणतात. शेजाऱ्याच्या झाडाची मुळं तुमच्या परसात येतात, तीही यात धरायची.

शेजाऱ्यांना कळेल का?

प्री-ॲपमध्ये काउन्सिल सहसा शेजाऱ्यांना कळवत नाही. माहितीच्या अधिकारात कोणी मागितलं तर मात्र तो कागद बाहेर येऊ शकतो. खरा अर्ज केला की त्यांना पत्रं जातात, २१ दिवस हरकती घेता येतात आणि त्या सगळ्यांना वाचता येतात. माझं मत, काउन्सिलच्या पत्राआधी तुम्हीच चहाला बोलवा. नकाशा दाखवा. विरोध करणारा विरोध करेलच, पण काय खुपतंय ते कळेल, आणि बहुतेक वेळा ती एकच खिडकी असते.

उत्तर चांगलं आलं. म्हणजे परवानगी पक्की?

नाही. ते एका ऑफिसरचं त्या दिवशीचं मत आहे आणि काउन्सिलवर बंधनकारक नाही. अर्ज येईपर्यंत ऑफिसर बदलतो, धोरण बदलतं, नगरसेवकांची समिती वेगळा निर्णय घेते. तरी लेखी उत्तराला वजन असतं, म्हणून फोनवरचं गोड बोलणं पुरे समजू नका. सहा-आठ महिन्यांत अर्ज करा. अर्जासोबत ते पत्र जोडा आणि प्रत्येक मुद्द्याचं काय केलंत ते लिहा. परवानगी मिळाली की साधारण तीन वर्षांत काम सुरू करावं लागतं.

आणि नाही म्हणाले तर?

पत्र दोनदा वाचा. “या जागी घर तत्त्वतः मान्य नाही” हा एक नकार आणि “दुमजली घरामुळे शेजाऱ्याचा उजेड जातो” हा दुसरा. दुसऱ्यावर उपाय आहे. पहिल्यावर बहुधा नाही, निदान लोकल प्लॅन बदलेपर्यंत. प्री-ॲपविरुद्ध अपील नसतं. खरा अर्ज नाकारला गेला तर सहा महिन्यांत प्लॅनिंग इन्स्पेक्टरेटकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या सरकारी कचेरीकडे, जाता येतं. त्याला फी नाही, पण धीर लागतो.

काउन्सिल ज्याबद्दल बोलतच नाही, असं काय असतं?

पुष्कळ. घराच्या खरेदीखतात जुनी अट असते: “या जागेवर एकाहून जास्त घर बांधू नये.” तिला ‘कव्हेनंट’ म्हणतात. काउन्सिल ती बघत नाही, परवानगी देते आणि मोकळी होते. मग ज्याला त्या अटीचा फायदा आहे तो कोर्टात उभा राहतो. रस्ता आणि तुमची वाट यांच्यामध्ये अर्ध्या मीटरची पट्टी तिसऱ्याच्याच नावावर निघाल्याचंही मी पाहिलंय. तो मग तोंडाला येईल ती किंमत मागतो. गहाण असेल तर परसाचा तुकडा पाडायला बँकेची संमती लागते.

करही आहे. राहत्या घरासोबतची अर्ध्या हेक्टरपर्यंतची बाग विकली तर साधारणपणे भांडवली नफ्यावर कर लागत नाही. पण आधी घर विकून बाग मागे ठेवलीत आणि नंतर ती विकलीत तर ही सवलत जाते. क्रम चुकवू नका, आणि हिशेबनिसाला प्री-ॲपच्या आधी भेटा, नंतर नव्हे.

परवानगीसोबत आणखी कुठली बिलं येतात?

बऱ्याच काउन्सिल नव्या घरावर चौरस मीटरप्रमाणे ‘सिल’ (CIL) नावाची, परिसरातल्या सोयींसाठीची आकारणी करतात. स्वतः बांधून तिथे तीन वर्षं राहणार असाल तर सूट आहे, पण काम सुरू होण्याआधी ती मंजूर झालेली हवी. जेसीबी आधी आणि फॉर्म नंतर असं झालं तर पूर्ण रक्कम भरावी लागते. निसर्गात दहा टक्के भर घालायचा नियम एप्रिल २०२४ पासून लहान जागांनाही लागू झाला. स्वतःच्या घरासाठी बांधणाऱ्याला त्यातून वगळलंय, पण तो नियम सध्या बदलतो आहे, त्यामुळे ताजा मजकूर बघा.

ब्रॅकनेल, वोकिंग, फार्नबरो या पट्ट्यात राहत असाल तर ‘टेम्स बेसिन हीथ्स’चा नकाशा सगळ्यांत आधी उघडा. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी राखलेली ही माळरानं आहेत. त्यांच्यापासून ४०० मीटरांच्या आत नवं घर जवळजवळ अशक्य, आणि पाच किलोमीटरपर्यंत प्रत्येक नव्या घरामागे हजारो पौंडांचा भुर्दंड. परस कितीही सुंदर असो.

गुपचूप बांधलं आणि गप्प राहिलं तर?

सरेमधल्या एका शेतकऱ्याने गवताच्या गंजीआड अख्खा किल्लेवजा वाडा बांधला. तेव्हा चार वर्षं कोणी हरकत घेतली नाही तर घर कायदेशीर ठरायचं. तेवढा काळ आड राहून २००६ मध्ये त्याने गंजी हटवली. कोर्ट म्हणालं, लपवलेल्याची मुदत मोजली जात नाही. २०१६ मध्ये त्याला तो वाडा पाडावा लागला. आता तर ती मुदतच चारवरून दहा वर्षांवर गेली आहे.

मला या आठवड्यात काहीतरी सुरू करायचंय. कुठून करू?

शनिवारी सकाळी टेप घ्या. घराची भिंत आणि शेजाऱ्याचं कुंपण यांच्यातली सर्वांत अरुंद जागा मोजा. गॅसच्या मीटरचा डबा बाहेर आला असेल तर तिथे मोजा. मग लँड रजिस्ट्रीच्या सरकारी वेबसाइटवर सात पौंड भरून आपल्याच घराचं टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) उतरवून घ्या आणि कव्हेनंटचं पान शोधा. सरकारी वेबसाइट म्हटलं, कारण सारख्या दिसणाऱ्या खासगी साइट त्याच कागदाचे तिप्पट-चौपट पैसे घेतात.